कोरडी दिसते म्हणून ‘पडीक’ लिहू नका

मी नोकरीभर जमिनी मोजल्या. मोजणीचा एक अलिखित नियम असतो, ती कोरड्या महिन्यांत उरकायची. चिखलात तिवईचे पाय रुततात, फीत भिजते आणि गवत माजलं की समोरची काठी दिसत नाही. त्यामुळे आम्ही पोचायचो तेव्हा सखल जमीन तडकून गेलेली असायची. अशाच एका तुकड्यावर उभं राहून मी एकदा रकान्यात ‘पडीक’ लिहिलं, खाली सही केली आणि पुढच्या खुणेकडे चालू लागलो. वीस मिनिटांचं काम.

निवृत्तीनंतर पक्ष्यांचं वेड असलेला एक मित्र मला पाण्याच्या दिवसांत ओढून घेऊन गेला, ती नेमकी हीच जागा निघाली. मांडीपर्यंत पाणी, कडेला पाणकणीस. मी रोवायला लावलेला हद्दीचा दगड जेमतेम वीतभर वर दिसत होता आणि त्याच्या आडोशाला, चिखलाच्या छोट्या ढिगावर शेकाट्यांनी घरटं केलं होतं. तपकिरी ठिपक्यांची चार अंडी, टोकं आतल्या बाजूला वळवलेली. जोडी आमच्या डोक्यावर ओरडत घिरट्या घालत होती. मित्र म्हणाला, “चल मागे, अंडी उन्हात पडलीत.” मी मागे झालो, पण तो रकाना काही डोक्यातून गेला नाही.

पाणथळ जागा बुजवणारा माणूस फार पुढे येतो. त्याच्या कितीतरी आधी कुणीतरी ती कोरडी असताना बघून कागदावर ‘पडीक’ लिहिलेलं असतं. म्हणून ती राखायची असेल तर कागदापासून सुरुवात करायला हवी, म्हणजे बारा महिन्यांची वही ठेवायला हवी. ती कशी ठेवायची आणि तिचा उपयोग कसा करायचा, ते सांगतो.

पाणी नसताना पाणथळ ओळखायची कशी

१९७१ साली २ फेब्रुवारीला इराणमध्ये, कास्पियन समुद्राकाठच्या रामसर गावी पाणथळ जागांविषयीचा आंतरराष्ट्रीय करार झाला. त्यातली व्याख्या मुद्दाम ऐसपैस आहे: दलदल असो की तळं, नैसर्गिक असो की माणसाने केलेलं, पाणी कायमचं असो की काही काळापुरतं, साचलेलं असो की वाहतं, गोडं असो की खारं. समुद्राच्या बाजूला ओहोटीच्या वेळी सहा मीटरपेक्षा खोल नसलेला भागही तिच्यात येतो. यातले ‘काही काळापुरतं’ हे शब्द अधोरेखित करून ठेवा. वादाच्या वेळी सगळ्यात जास्त कामाला तेच येतात, कारण समोरचा पहिल्यांदा हेच म्हणतो, “इथे पाणी कुठे आहे?”

पाणी नसेल तर खुरपं घ्या. सखल भागात कोपरापर्यंत हात जाईल एवढा खड्डा करा आणि मातीचं ढेकूळ बाहेर काढून मोडा. बराच काळ पाण्याखाली राहिलेल्या मातीत हवा शिरत नाही आणि तिच्यातल्या लोहाचा तांबूसपणा जातो. ढेकूळ आतून राखाडी, कधी निळसर निघतं. त्या राखाडीत गंजासारख्या नारिंगी रेघा दिसल्या, तर त्या बोटाने माग काढत न्या. बहुतेक वेळा रेघेच्या मधोमध एखादं बारीक मूळ सापडतं, किंवा मूळ कुजून गेल्यावर उरलेली पोकळी. पाणवनस्पती खोडातून मुळांपर्यंत हवा पोचवतात. त्यातली थोडी मुळाबाहेर झिरपते आणि मुळाभोवतीच्या लोहाला गंज चढतो. म्हणजे त्या जागी पाण्यात उभं राहून झाड जगलं होतं, याची सही मातीतच असते. ओल असेल तर सडक्या अंड्यासारखा वासही येतो. वाळूत किंवा मुळातच लालभडक मातीत हे एवढं स्वच्छ दिसत नाही. तिथे इतर खुणा बघा: रिकामे शिंपले, वाळलेला लव्हाळा, कडेच्या खोडांवर एकाच उंचीला आलेली गाळाची रेघ.

त्या भेगाळलेल्या मातीतही वस्ती असते. काही चिमुकल्या कवचधारी प्राण्यांची अंडी कोरड्या मातीत वर्षानुवर्षं पडून राहतात आणि पाणी भरलं की थोड्याच दिवसांत फुटतात. त्यांना माशांची भीती नसते, कारण दरवर्षी आटणाऱ्या पाण्यात मासे टिकत नाहीत. म्हणजे ही जागा आटते, हा तिचा दोष धरायचं कारण नाही. तिथल्या निम्म्या कारभाराची सोय त्या आटण्यामुळेच होते.

ती करते काय?

लोक ‘निसर्गाचा स्पंज’ म्हणतात. उपमा बरी आहे, पण अर्धीच. आधीच तुडुंब भरलेली दलदल जास्तीचं पाणी फारसं पोटात घेत नाही. तिचं खरं काम पाण्याला पसरवण्याचं आणि रेंगाळवण्याचं. फ्लोरिडात किसिमी नावाची नदी साधारण १६६ किलोमीटर वळणं घेत, दोन्ही काठांच्या दलदलीत पसरत जायची. पूर आवरायचा म्हणून १९६२ ते १९७१ या काळात तिचा सुमारे ९० किलोमीटरचा सरळ कालवा करण्यात आला. मोजणीच्या नजरेने बघितलं तर देखणं काम. पण काठची दलदल सुकली, पाणपक्षी गेले आणि पूर्वी दलदलीत गाळून जाणारं पाणी आता भरधाव खालच्या सरोवरात जाऊ लागलं. शेवटी १९९९ पासून तोच कालवा काही भागात बुजवून नदीला जुन्या वळणांवर परत आणायचं काम सुरू झालं, ते २०२१ मध्ये संपलं. खणायला नऊ वर्षं लागली, चूक निस्तरायला बावीस, आणि तीही सगळी निस्तरलेली नाही.

गाळण्याचं कामही नीट समजून घेण्यासारखं आहे. शेतातून वाहून आलेल्या खतातला नायट्रेट दलदलीच्या तळाशी पोचतो. तिथे प्राणवायू नसतो, म्हणून तिथले जिवाणू श्वसनासाठी नायट्रेटच वापरतात आणि त्यातला नायट्रोजन वायू होऊन हवेत परत जातो. यंत्र नाही, वीज नाही. कोलकात्याच्या पूर्वेला सुमारे १२,५०० हेक्टरांवर पसरलेल्या पाणथळीत शहराचं सांडपाणी उथळ तळ्यांत सोडलं जातं. ऊन, शेवाळ आणि मासे मिळून ते निवळतात. मच्छीमारांनी पिढ्यान्‌पिढ्या जमवलेली ही विद्या ध्रुवज्योती घोष या अभियंत्याने शास्त्राच्या भाषेत जगापुढे मांडली आणि २००२ मध्ये ती जागा रामसर यादीत, म्हणजे त्या करारातल्या महत्त्वाच्या पाणथळींच्या यादीत आली. मला यात आवडतं ते हे, की तो अभियंता सांडपाण्याचा माग काढत तिथे पोचला आणि मच्छीमारांकडून शिकून परत आला. आमच्या धंद्यात हे फारसं घडत नाही.

तिसरं काम कार्बनचं. थंड किंवा कायम ओल्या प्रदेशांत मेलेली झाडं पाण्याखाली पुरती कुजत नाहीत, त्यांचे थर साचत जातात. यालाच पीट म्हणतात. जगाच्या जमिनीपैकी जेमतेम ३ टक्के भाग पीटचा, पण त्यात साठलेला कार्बन जगातल्या सगळ्या जंगलांतल्या झाडांपेक्षाही जास्त. ते न कुजणं किती पक्कं असतं? डेन्मार्कमध्ये १९५० साली पीट कापणाऱ्यांना एक मृतदेह सापडला. चेहऱ्यावरच्या सुरकुत्या, हनुवटीवरचे खुंट शाबूत होते. त्यांना वाटलं, नुकताच कुणाचा खून झालाय. माणूस दोन हजारांहून जास्त वर्षांपूर्वीचा होता. अशा जागेला चर मारून पाणी काढून टाकलं की हवा शिरते, कुजणं सुरू होतं आणि हजारो वर्षांचा साठा धूर होऊन जातो. हेही सांगायला हवं, की ओल्या पाणथळीतून मिथेन निघतो आणि निसर्गातला मिथेनचा सगळ्यात मोठा स्रोत त्याच आहेत. पण म्हणून त्या सुकवणं म्हणजे गळतो म्हणून नळ उखडून टाकणं.

आणि पक्षी. ऑक्टोबर २०२२ मध्ये अंगावर उपग्रहाशी जोडलेलं यंत्र लावलेलं पाणटिवळ्याचं एक पिल्लू, वय सुमारे पाच महिने, अलास्काहून निघालं ते ११ दिवसांनी टास्मानियात उतरलं. मध्ये कुठेही न थांबता सुमारे १३,५६० किलोमीटर. हा पक्षी पाण्यावर बसून विसावा घेऊ शकत नाही. असल्या प्रवासाआधी तो ज्या चिखलात चोच खुपसून अंगावर चरबी चढवतो, तो चिखल नसला तर प्रवासच नाही. नकाशावर त्या चिखलाला कुणी काय नाव दिलंय, हे त्याला विचारून होत नाही.

एकच जागा धरा

दहा जागांची यादी करू नका. चालत जाता येईल अशी एकच निवडा, लहान असली तर उत्तम. लहान जागांकडे कुणाचं लक्ष नसतं आणि पहिल्यांदा जातात त्याच. पंधरा दिवसांनी एकदा जायचं ठरवा आणि कोरड्या महिन्यांत अजिबात खंड पाडू नका. तेव्हाच तर राडारोड्याचे ट्रक येतात.

पहिल्या फेरीत पाणी कुठून येतं आणि कुठून जातं, हे पायी फिरून शोधा. जागा जपायची म्हणून लोक तिच्याभोवती कुंपण घालतात आणि दोन शेतं पलीकडे रस्त्याखालची मोरी बुजते. वर्षभरात जागा मरते, कुंपण तसंच उभं. ओडिशातलं चिल्का सरोवर १९८१ पासून रामसर यादीत आहे. पण समुद्राकडचं त्याचं मुख गाळाने भरत गेलं, खारेपणा उतरला, तण माजलं, मासळी घटली आणि १९९३ मध्ये ते धोक्यातल्या जागांच्या यादीत गेलं. सप्टेंबर २००० मध्ये समुद्राकडे नवं मुख उघडलं, तेव्हा खारं पाणी आणि मासे परतले. २००२ मध्ये ते धोक्याच्या यादीतून बाहेर आलं. एवढ्या मोठ्या सरोवराचं दुखणं त्याच्या तोंडाशी होतं.

वही

आता माझ्या आवडीचा भाग, जरा तपशिलात जातो.

जागा कोरडी असताना तिच्या सगळ्यात खोल भागात एक जाड बांबू किंवा पाइप घट्ट ठोका. तळापासून दर पाच सेंटीमीटरला ऑइल पेंटची रेघ, दर पन्नासला लाल. नंतर काठावरून दुर्बिणीने आकडा वाचता येतो, पाण्यात उतरावं लागत नाही. जागा कुणाच्या मालकीची असेल त्याला आधी विचारा. माझी पहिली काठी तीन महिन्यांत गायब झाली, बहुधा कुणीतरी जळणाला नेली. त्याचं दुःख नव्हतं. वाईट याचं वाटलं, की मी तिची उंची कशाशीच जोडून ठेवली नव्हती, त्यामुळे नवी काठी लावल्यावर जुने आकडे तिला जुळेनात. मोजणीत आयुष्य गेलेल्या माणसाने हे करावं! तुम्ही करू नका. जवळच्या न हलणाऱ्या वस्तूवर, मोठा खडक किंवा पुलाचा कठडा, एक खूण करा. मग गवंडी वापरतात ती पारदर्शक लेव्हल पाइप घ्या. पाणी भरून एक टोक खुणेपाशी, दुसरं काठीपाशी धरा, आतला बुडबुडा निघेपर्यंत थांबा आणि खुणेची पातळी काठीवर कितव्या रेघेला येते ते लिहून ठेवा. लांब अंतर असेल तर दोन टप्प्यांत. यानंतर काठी दहा वेळा चोरीला गेली तरी चालेल.

फोटो दर वेळी एकाच जागेवरून, एकाच दिशेने काढा. पायाखाली दगड रोवा आणि चौकटीच्या डाव्या कडेला कायम तेच झाड येऊ द्या. सूर्यास्ताचे फोटो वेगळे काढा, त्यांचा पुरावा म्हणून काही उपयोग नाही.

पक्षी मोजताना सगळे ओळखता आले पाहिजेत असं नाही. दहा-बारा जाती पक्क्या करा, बाकीच्यांना ‘लहान, तपकिरी, चिखलात’ एवढं लिहिलं तरी पुरे. थवा मोठा असेल तर आधी दहा पक्षी मोजा, ते केवढी जागा व्यापतात हे डोळ्यांत बसवा आणि मग तसे किती घास होतात ते बघा. काही दिसलं नाही तर ‘शून्य’ लिहा. पान कोरं ठेवलं तर पुढे कळत नाही, की पक्षी नव्हते की तुम्ही गेला नव्हता. पाणपक्ष्यांची आंतरराष्ट्रीय गणना १९६७ पासून चालू आहे, आशियातली १९८७ पासून, आणि ती मुख्यतः जानेवारीत होते. तिच्यात सामील व्हा. तुमचे आकडे घरातल्या वहीतून निघून जगाच्या तक्त्यात जातात. घरट्याचं ठिकाण मात्र कुठेही टाकू नका, आणि पक्षी ओरडायला लागला की मागे फिरा.

वहीला मागच्या काळाची जोड हवी असेल तर उपग्रह आहेत. युरोपीय आयोगाच्या संशोधन केंद्राने १९८४ पासूनच्या चित्रांवरून जगात कुठे, कोणत्या महिन्यात पृष्ठभागावर पाणी होतं याचा नकाशा सगळ्यांसाठी खुला ठेवलाय. फार लहान जागा किंवा गवताखाली झाकलेलं पाणी त्यात सुटतं, पण मध्यम आकाराच्या तळ्यासाठी तो पुरावा भक्कम. चित्र निवडताना महिना बघून निवडा, नाहीतर माझ्यासारखीच चूक उपग्रहाकडून करून घ्याल.

सुशोभीकरण नको

जागेवर प्रेम करणाऱ्यांकडूनही नुकसान होतं, आणि ते थांबवणं जास्त अवघड. काठ दगडाने बांधून काढणं, फिरायला पदपथ, मध्ये कारंजं, रात्री दिवे. पाणथळीचा जीव तिच्या उतरत्या, चिखलट काठात असतो. चार बोटं पाण्यापासून गुडघाभर पाण्यापर्यंतच्या पट्ट्यात वेगवेगळ्या लांबीच्या चोची वेगवेगळ्या खोलीवर चरतात. उभी भिंत बांधली की हा सगळा पट्टा पुसला जातो आणि हौद उरतो. ‘गाळ काढून खोल करू’ हेही तपासल्याशिवाय मान्य करू नका. झाडं लावायचा उत्साह असेल तर दुसरीकडे लावा. गवताळ, उघड्या दलदलीत झाडं लावली की जमिनीवर घरटी करणाऱ्यांच्या डोक्यावर कावळ्यांना बसायला फांद्या मिळतात.

मासे किंवा कासवं आणून सोडू नका. घरच्या टाकीतले तर मुळीच नकोत. डास होतात म्हणून डासअळी खाणारे परके मासे सोडायचा सल्ला हमखास मिळतो. ते अळ्यांबरोबर बेडकांची पिल्लंही खातात. जिवंत पाणथळीत अळ्या खायला चतुराची पिल्लं, पाणकिडे, बेडूक आधीच हजर असतात. डासांचा सुळसुळाट बहुधा तुंबलेल्या गटारात, टायरांत, उघड्या पिंपांत सापडतो. तिथे आधी हात घाला.

जलपर्णी काढायला मात्र जरूर उतरा, फक्त जाणत्या माणसाला बरोबर घेऊन. ही दक्षिण अमेरिकेतली वनस्पती. थोडी राहिली तरी पुन्हा पसरते, म्हणून वाऱ्याने ती ज्या कोपऱ्यात गोळा होते तिथून सुरुवात करा आणि काढलेली काठापासून लांब वाळत टाका, पाणी चढल्यावर परत जाणार नाही इतकी लांब. सांडपाणी येणं चालू असेल तर हे दरवर्षीचं काम समजा, कारण तिला खतपाणी तिकडूनच मिळतंय.

घरी बसून करण्यासारखं एकच सांगतो, बाकीचं तुम्हाला माहीत आहे. कुंड्यांसाठी मातीचं मिश्रण घेताना पिशवीवर पीट लिहिलंय का बघा. लिहिलं असेल तर ती कुठल्यातरी लांबच्या दलदलीची पिशवी आहे. नारळाच्या काथ्याचा भुसा किंवा कंपोस्ट घ्या.

ट्रक आला तर

एकट्याने ट्रकपुढे उभं राहू नका. लांबून फोटो घ्या: ट्रक, भराव आणि मागची न हलणारी खूण एकाच चौकटीत. त्याच दिवशी लेखी तक्रार द्या. एकच पान. जागेचं ठिकाण, तारीख, काय दिसलं, कोणत्या महिन्यात किती सेंटीमीटर पाणी असतं, आणि सोबत भरलेल्या जागेचा एक व कोरड्या जागेचा एक फोटो, दोन्ही एकाच दगडावरून काढलेले. ‘निसर्गाचा ऱ्हास’ वगैरे शब्द गाळा. टेबलापलीकडचा माणूस ते वाचत नाही. मी त्या टेबलापलीकडे बसलेलो आहे. आकडा असेल तर त्याला उत्तर द्यावं लागतं, कारण आकड्याला उत्तर दिलं नाही हे नंतर दाखवता येतं. पोच घेतल्याशिवाय उठू नका. तुमच्याकडे पाणथळींचा काय कायदा आहे आणि त्यात तुमची जागा बसते का, हे तक्रारीची वेळ यायच्या आधीच वाचून ठेवा.

आणि जाताना त्या जागेवर पोट असलेल्याला बरोबर घ्या. मासे धरणारा, गुरं चारणारा, लव्हाळे कापणारी बाई. तुमच्या वहीत दोन वर्षं असतील, त्यांच्या डोक्यात चाळीस. मी ‘पडीक’ लिहिलेल्या त्या तुकड्याची नोंद बदलून घ्यायला आम्ही गेलो तेव्हा माझी वही, तक्ते, उपग्रहाची चित्रं सगळं टेबलावर मांडून झालं होतं. अधिकारी बघत होते, पण गप्प. मग आमच्याबरोबरच्या म्हाताऱ्या मच्छीमाराने विचारलं, “साहेब, पडीक होती तर मी एवढी वर्षं जाळं कुठे टाकत होतो?”

नोंद अजून बदललेली नाही. फाइल पुढे सरकली आहे. परवाच्या फेरीत काठीवर ३५ सेंटीमीटर पाणी होतं, शेकाटे सात, घरटी शून्य.